चांदा प्रांतांतील जुनीं चित्रें व मिशीचा पुरावा

इतिहाससंशोधनाच्या पत्रिकेंत मिशीचें प्रकरण काढणें हें कित्येक वाचकांस थट्टेचें वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर व शकावल्या बाजूस ठेवून ओठावरील चार केसांची चर्चा करण्यास कोणास सवड आहे, असें ते विचारतील. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या चांदा प्रांतांत, गोंड राजांचे व सन १८५८ च्या उठावांतील पुरुषांचे पुतळे आणि चित्रें होत असतात. आणि मूर्तिकार मातीस हात घालण्यापूर्वीं जे दोन प्रश्न करतो, त्यांतील पहिला पागोट्याचा व दुसरा मिशीचा असतो. पागोट्याविषयीं कोणी ना कोणी जाणता कांहीं सांगतो. मिशीविषयीं मात्र "राजास शोभेल अशी करा" एवढेंच उत्तर मिळतें, आणि मग छापील दिनदर्शिकांवरील राजपूत राणाची, गालावर वर वळविलेली दाट मिशी चांद्याच्या गोंड राजाच्या ओठावर चढते. पुढें तोच पुतळा शाळेच्या पुस्तकांत जातो, पुस्तकावरून नवें चित्र निघतें, आणि पन्नास वर्षांनीं एखादा संग्राहक तें चित्र जुनें म्हणून विकत घेतो. या मार्गानें कल्पना पुराव्याच्या आसनावर बसते. म्हणून जुन्या चित्रांतील मिशी कशी वाचावी, व नवें चित्र काढावयाचें झाल्यास ती कशी निवडावी, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम शब्द पाहूं. संस्कृत श्मश्रु या शब्दाचीं प्राकृतांत मस्सु, मंसु अशीं रूपें झालीं व त्यांच्याच वंशांत आपली मिशी आहे. मौज अशी कीं, मूळ शब्दाचा अर्थ दाढीमिशी असा असतां मराठींत 'श्मश्रू करणें' म्हणजे ती काढणें असा अर्थ रूढ झाला. हजामत या अरबी शब्दाचीही अशीच गत आहे. त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणें हा असून, तें काम न्हाव्याकडे असल्यामुळें शब्द वस्तऱ्याशीं जाऊन चिकटला. वऱ्हाड-नागपुराकडे न्हाव्यास म्हाली म्हणतात. ओठावर प्रथम फुटते ती मिसरूड. ती भरली म्हणजे मिशी. पुढें तिचे प्रकार होतात: झुपकेदार, आकडेबाज, पिळदार, कोरलेली, तलवारकट, आणि कानापुढील कल्ल्यांस जाऊन मिळाली म्हणजे गलमिशा. यांपैकीं तलवारकट हा शब्द अर्धा इंग्रजी आहे, ही गोष्ट त्याचें वय सांगण्यास पुरेशी आहे. अठराव्या शतकांतील म्हणून दाखविलेल्या एखाद्या वर्णनांत हा शब्द आढळला, तर त्या कागदाविषयीं संशय धरावा.

दगडांतील पुराव्यापासून या बाबतींत फारशी अपेक्षा करूं नये. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्राप्रमाणें देव सोळा वर्षांच्या वयाचे दाखवावयाचे असून त्यांच्या अंगावर भुवया व पापण्या यांखेरीज केस दाखवावयाचे नसतात. त्यामुळें वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथील देवळांवर शेंकडों मूर्ति असल्या, तरी त्या काळच्या गृहस्थाची मिशी कशी असे हें देवांच्या मुखांवरून कळत नाहीं. दाढी आढळते ती ऋषि, तापसी किंवा अग्नि यांच्या मुखावर; म्हणजे ती वयाची व तपाची खूण आहे, देशाचाराची नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांतही राजे व राजपुत्र बहुधा सफाचट असून दाढीमिशा आहेत त्या परदेशी दिसणाऱ्या पुरुषांस. उलट गांधार देशांत बोधिसत्त्वासच नव्हे, तर कित्येक ठिकाणीं खुद्द बुद्धासही मिशी दिली आहे. तेथील कारागिरांनीं आपल्या आसपासचा थोर पुरुष डोळ्यांपुढें ठेवला, आपल्याकडील कारागिरांनीं शास्त्र ठेवलें. जनरल कनिंगहॅम यांनीं १८७३-७४ च्या दौऱ्यांत मार्कंड्याचीं देवळें पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें मुखचर्येच्या तपशिलाकरितां वाचणाऱ्याची निराशा होईल, परंतु तो दोष कनिंगहॅम यांचा नाहीं.

खरा पुरावा सुरू होतो तो मोगल काळच्या चित्रांपासून. अकबर व जहांगीर यांच्या चित्रांत हनुवटी साफ असून ओठावर मिशी आहे; शाहजहानापासून बादशाही मुखावर दाढी येते व औरंगजेबाच्या वेळीं ती कायम होते. दरबाराचा हा पालट मांडलिकांच्या व सरदारांच्या मुखांवर कांहीं वर्षांच्या अंतरानें उमटतो. दक्षिणेंत गोवळकोंड्याच्या चित्रकारांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस डच व्यापाऱ्यांकरितां जे चित्रसंग्रह तयार केले, त्यांत शिवाजी महाराजांचें चित्र येतें. त्यांतील मिशी बारीक, खालीं उतरून दाढीस मिळूं पाहणारी, व दाढी निमुळती आहे. विसाव्या शतकांतील छापील चित्रांत या मिशीस जो भरदारपणा आला तो मुद्रकांच्या कृपेचा आहे.

या चित्राची हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. एके काळीं भलत्याच एका मुसलमान सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून आपल्याकडे प्रचारांत होतें. लोक त्यास हार घालीत. १९३३ सालीं वा. सी. बेंद्रे यांनीं व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या १७२४ ते १७२६ च्या दरम्यान छापलेल्या ग्रंथांतील चित्र पुढें आणलें, तेव्हां तो घोटाळा निस्तरला. ज्या पुरुषाविषयीं आपल्या देशांत सर्वांत अधिक लिहिलें गेलें, त्याच्या मुखाविषयीं ही स्थिति. मग रानांतील एका लहान राज्याच्या धन्यांविषयीं काय बोलावें! चांद्याचा राजा आइन-इ-अकबरींत येतो तो एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ यांचा मालक म्हणून. अबुल फजलास त्याच्या सैन्याच्या संख्येशीं काम होतें, मुखाशीं नव्हे.

चित्र नसेल तेथें कागद कामास येतो, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. मोगल लष्करांत शिपायाची नोंद करतांना त्याचा 'चेहरा' लिहून ठेवीत. नांव, बापाचें नांव, जात, वर्ण, कपाळ, भुवया, डोळे, नाक, दाढी व मिशी यांचा रंग, कानाची पाळी, वाराचे व्रण, हें सर्व त्यांत येई; घोड्यास डाग व माणसास चेहरा, अशी ती जोडी होती. हेतु उघड आहे. एकाच्या नांवावर दुसऱ्यास उभा करून पगार उचलण्याची लबाडी यानें थांबत असे. अर्व्हिन यांच्या मोगल सैन्यावरील १९०३ च्या ग्रंथांत अशा नोंदीचा नमुना दिला आहे. आपल्याकडील चेहरेपट्टी हा शब्द त्याच घराण्यांतला. लष्करी नोंदींचे असे कागद रुमालांत निघाले, तर 'नुसत्या नांवांची यादी' म्हणून ते बाजूस टाकूं नयेत. पन्नास शिपायांच्या नोंदींत किती जणांस दाढी व किती जणांस केवळ मिशी, हें मोजलें, तर त्या पथकाच्या आचाराविषयीं जें कळेल तें पन्नास बखरींवरून कळणार नाहीं. येथें एक सावधगिरीची सूचना: चेहऱ्यांत मिशीचा रंग लिहीत, घाट नव्हे, कारण घाट एका रात्रींत बदलतां येतो, व पगार उचलणारास ही गोष्ट चांगली ठाऊक असते.

मिशी ठेवणें अगर काढणें हें मात्र मनुष्याच्या मर्जीवर फार थोडें अवलंबून असे, आणि हा मुद्दा चित्रकारांच्या ध्यानांतून नेहमीं निसटतो. केशान्त संस्कार मनूनें ब्राह्मणास सोळाव्या, क्षत्रियास बाविसाव्या व वैश्यास चोविसाव्या वर्षीं सांगितला आहे. स्नातकानें केश, नखें व श्मश्रु कापलेलीं ठेवावीं असेंही तोच सांगतो. याहून बलवत्तर होता तो लोकाचार. वडील हयात असतां मुलानें मिशी काढूं नये, व ते वारल्यावर क्षौरांत ती उतरवावी, ही समजूत महाराष्ट्रांत बहुतेक जातींत होती व पुष्कळ ठिकाणीं अद्यापि आहे. अर्थात् एखाद्या जुन्या चित्रांत तरुण पुरुष मिशीविना दिसला, तर त्यावरून त्याची आवड कळत नाहीं. त्याच्या घरीं नुकतें काय घडलें असावें याचा मात्र तर्क करतां येतो. चित्राच्या पाठीवर तिथि असेल व त्या घराण्याची वंशावळ हातीं असेल, तर ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. वैदिक व भिक्षुक यांची गोष्ट निराळी. त्यांचें क्षौर आचाराचेंच अंग होय.

राज्यकर्त्यांनीं या प्रांतांत हात घातला तेव्हां काय झालें, याचें उदाहरण वेल्लोरचें. मद्रासच्या फौजेंतील शिपायांनीं गंध लावूं नये, दाढी काढावी, मिशी ठराविक नमुन्याची ठेवावी व नवें शिरस्त्राण घालावें, अशी आज्ञा निघाली आणि १८०६ च्या जुलैंत वेल्लोरच्या किल्ल्यांत रक्ताचे पाट वाहिले. कारणें आणखीही होतीं, परंतु ओठावरील केसांस सरकारी माप लावणें हें त्यांत क्षुल्लक नव्हतें. पुढें चक्र उलटें फिरलें. हिंदी शिपायांपुढें सफाचट तोंडाचा गोरा अधिकारी कमी मर्दानी दिसतो असें वाटूं लागून १८५४ सालीं मुंबईच्या फौजेंत गोऱ्यांस मिशी सक्तीची झाली. त्याच वर्षीं नागपूरचें राज्य खालसा होऊन चांदा हा इंग्रजी जिल्हा बनला. म्हणजे चांद्यास जो पहिला इंग्रजी अंमल आला तो मिशीवाल्या साहेबांचा आला असें म्हणण्यास हरकत नाहीं. ब्रिटिश सैन्यांतील ही सक्ति १९१६ च्या ऑक्टोबरांत उठली. त्यापूर्वींच लॉर्ड कर्झन यांच्या सफाचट मुखाचें अनुकरण इंग्रजी शिकलेल्या तरुणांत सुरू झालें होतें, व अकबर इलाहाबादी यांनीं कर्झन या नांवांतील 'झन' म्हणजे स्त्री असा श्लेष करून त्यांची थट्टाही उडविली होती. एखाद्या मालगुजाराच्या वाड्यांतील छायाचित्रांत बाप मिशीचा व मुलगा बिनमिशीचा दिसला, तर तें छायाचित्र १९०० च्या अलीकडचें असण्याचा संभव अधिक, एवढें अनुमान यावरून निघतें. याहून अधिक ताणूं नये.

आतां चांद्याकडे वळूं. चांदा शहर वसविणारा म्हणून जो खांडक्या बल्लाळशाह प्रसिद्ध आहे, त्याच्या अंगावर खांडकें म्हणजे गळवें होतीं व झरपटीच्या पाण्यानें तीं बरीं झालीं, अशी कथा आहे. अचलेश्वराच्या स्थानाचें माहात्म्य तिच्याशीं जोडलेलें आहे. म्हणजे परंपरेनें या राजाच्या शरीराविषयीं एकच गोष्ट जपून ठेवली, ती गळवांची. मूर्तिकार तीच तेवढी वगळतो, आणि परंपरेनें जिच्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं ती मिशी मोठ्या आवडीनें करतो! राणी हिराईनें आपल्या पतीच्या, वीरशाहाच्या, स्मरणार्थ चंद्रपुरांत जी समाधि बांधविली, ती वास्तु आहे, मुखवटा नव्हे. शहराच्या वेशींवर हत्तीवर आरूढ झालेला सिंह कोरला आहे. राज्याची ओळख या घराण्यानें आपल्या मुखानें नव्हे, चिन्हानें ठेवली. पुतळ्यांच्या उत्साहांत हें चिन्ह मागें पडतें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

सामान्य गोंड लोकांविषयीं मात्र एक चांगला समकालीन साक्षीदार आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ त वारले व त्यांचे लेख रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ त प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांचे केस काळे व सरळ, आणि दाढी व मिशी विरळ, असें नमूद आहे. याच वाक्याच्या अलीकडे-पलीकडे हिस्लॉप साहेब गोंडांच्या रूपाविषयीं जें मत देतात तें त्यांच्यापाशींच राहो. सौंदर्याचा निवाडा करण्यास त्यांस कोणीं बसविलें नव्हतें. परंतु विरळ मिशीची नोंद ही डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट आहे व तिचें मोल निराळें आहे. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत ती पुन्हां घेतली. ही नोंद सामान्य जनांची आहे, राजघराण्यांची नव्हे, हें खरें. राजगोंड घराणीं शेजारच्या राजपूत व मराठे सरदारांचा आचार उचलीत. देवगडच्या गोंड घराण्यांतील बख्त बुलंद तर मुसलमान झाला. तरी पण आचार उचलतां येतो, केसांची दाटी उचलतां येत नाहीं. जन्मतः विरळ असलेली मिशी फार तर लांब वाढवून खालीं सोडतां येईल; ती गालावर झुपक्यानें उभी राहणार नाहीं.

काळाचा भेद, स्थळाचा भेद व वयाचा भेद हे तीन वेगळे धरावे लागतात. चांद्यावर १७५१ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचा अंमल बसला. त्यानंतरच्या मराठी अंमलदाराचें चित्र काढणें झाल्यास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील सरदारांच्या चित्रांत बहुधा आढळणारी तऱ्हा, म्हणजे साफ हनुवटी, मिशी व कल्ले, ही आधारास घेतां येते. तोच न्याय त्यापूर्वींच्या गोंड राजास लावणें गैर आहे. स्थळाचेंही तसेंच. सिरोंच्याकडे गोदावरीच्या कांठीं तेलगू लोकाचार, अहेरीस राजगोंडांची जमीनदारी, भामरागडच्या डोंगरांत माडिया. हा सारा मुलूख १९८२ च्या २६ ऑगस्टपासून गडचिरोली या एका जिल्ह्याच्या नांवाखालीं आला, म्हणून त्याचें मुख एक झालें असें नव्हे.

वयाच्या भेदाचें उदाहरण म्हणून बाबूराव शेडमाके यांचें नांव घेणें प्राप्त आहे. ते १८३३ च्या मार्चमध्यें जन्मले, १८५८ त अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांसह इंग्रजांविरुद्ध उठले, आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास फांशीं गेले. म्हणजे मृत्यूच्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें. सरकारनें त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट १२ मार्च २००९ रोजीं काढलें, व त्यांचीं चित्रें आतां घरोघरीं आहेत. मिरवणुकींच्या फलकांवर आमच्या पाहण्यांत आलेल्या पुष्कळ चित्रांत मिशी चाळिशी ओलांडलेल्या ठाणेदाराची दिसते. चित्र काढणाराचा हेतु आदराचाच असतो, परंतु परिणाम उलटा होतो. पंचविशींतला मुलगा फांशीं जातो यांत जें आहे, तें प्रौढ मिशीखालीं झांकलें जातें. येथें आमचें मत स्पष्ट आहे: नुकतीच भरलेली, विरळ, पीळ न दिलेली मिशी काढावी. तिला तिन्ही बाजूंनीं आधार आहे: वयाचा, हिस्लॉप यांच्या नोंदीचा, आणि रानांत महिनोन् महिने फिरणाऱ्या पुरुषास मिशीस मेण लावून पीळ भरण्याची सवड नसते या साध्या व्यवहाराचा.

संग्राहकांकरितां परीक्षेच्या दोन-चार गोष्टी सांगतों. जुन्या लघुचित्रांत मिशी बारीक कुंचल्यानें केस केस ओढून काढलेली असते व मुळाशीं त्वचेचा रंग दिसतो. मागाहून भरलेली मिशी काजळाच्या सपाट पट्ट्यासारखी दिसते आणि भिंगाखालीं तिची कड ओठाच्या रेघेवर चढलेली आढळते. कागदास भेग पडली असेल, तर मूळ रंग भेगेबरोबर फुटतो, मागाहून भरलेला रंग भेगेंत उतरतो. ही एक खूण पुष्कळ वेळां पुरते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्यास होता. अशा तैलचित्रांत केस रेघांनीं नव्हे, छायेनें दाखवितात, म्हणून तेथें पहिली परीक्षा लागू करूं नये. छायाचित्रांत कांचेवर शिसपेनीनें दुरुस्ती करण्याची चाल होती. मिशीचीं दोन्ही टोकें तंतोतंत सारखीं दिसलीं म्हणजे कारखान्याचा हात ओळखावा, कारण न्हाव्याच्या हातून तें साधत नाहीं.

या प्रांतांत आणखी एक फसगतीचें स्थान आहे, तें दंडारीचें व झाडीपट्टीच्या नाटकांचें. वडशाच्या आसपासच्या मंडळ्या दिवाळीनंतरच्या हंगामांत रात्ररात्र खेळ करतात. त्यांत राजा आला कीं चिकटविलेली मोठी मिशी आलीच. जुन्या सोंगांच्या छायाचित्रास पुढें 'अमुक राजे' असें नांव चिकटण्यास फार वेळ लागत नाहीं. अशा चित्रांत मिशीची वरची कड पाहावी. खरी मिशी नाकाच्या खालच्या खोबणींत दुभागते. चिकटविलेली बहुधा ती खोबण ओलांडून सलग जाते. नट घामाघूम झाल्यावर घेतलेलें छायाचित्र असेल, तर एक टोक सुटलेलेंही दिसेल.

नवा पुतळा किंवा चित्र काल्पनिक असेल, तर तसें त्यावर लिहावें, आणि तें चौथऱ्याच्या मागें नव्हे तर नांवाच्या ओळीखालींच: करणाराचें नांव, वर्ष, व मुखाचा आधार कोणता, एवढ्या तीन गोष्टी. चित्राच्या बाबतींत चौकटीवर लिहून भागत नाहीं, चौकट बदलते. खुद्द कागदाच्या अगर कापडाच्या पाठीवर लिहावें, व छायाचित्र घेणारानें पाठीचेंही छायाचित्र घ्यावें.